ज्वारीच्या पेवात सात बाटल्या

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या सासुरवाडीच्या लोकांचा गैरसमज नको. तरीही निजामाच्या राजवटीत, लढाई ऐन भरात असताना, सबंध उस्मानाबाद जिल्ह्यात विलायती वाइनचा घरगुती संग्रह करायला निघालेला कंपाउंडर मी एकटाच असेन. कमी खर्चात घरी वाइन कशी जमवावी आणि कशी टिकवावी हे ज्यांना शिकायचं असेल, त्यांनी हा प्रवास जरूर वाचावा. मी जे जे केलं ते ते टाळावं, म्हणजे झालं.

हे खूळ आलं कुठून, तर आमच्या दवाखान्यातून. तिथं मी दिवसभर खोकल्याचं आणि तापाचं मिक्श्चर ढवळायचो. प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी, आणि प्रत्येकाला एकच ताकीद: "तीन दिवसांत संपवा, नाहीतर खराब होतं." आमचे परेरा डॉक्टर मूळचे गोव्याचे. एकदा ते बोलता बोलता म्हणाले, "कंपाउंडर, जगात अशीही बाटली असते, जी ठेवल्यानं सुधारते." पंधरा वर्षं बाटल्या भरतोय आणि ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती! त्या दिवसापासून मी डॉक्टरांच्या मागे लागलो. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार पाहिजे, हादरा नको, आणि जागा थंड पाहिजे, शक्य तर जमिनीखाली. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. वही झाली, बाटली मात्र एकही नव्हती.

"पीत नाही तर जमवता कशाला?" असं आमच्या मंडळींनी तेव्हाच विचारलं होतं. मी वही मिटून बाजारात गेलो.

मग एक दिवस डॉक्टरांनी मला बंगल्यावर बोलावलं. महिनाअखेरीला ते निवृत्त होऊन म्हापशाला जाणार होते. त्यांनी कपाटातून एक काळपट बाटली काढली. पोर्ट वाइन. त्यांचा मुलगा अँटन जन्मला त्या वर्षी घेऊन ठेवलेली. अँटन फौजेत डॉक्टर होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं.

"तो परत आला की ही उघडायची," डॉक्टर म्हणाले. "पण गोव्यात मी थोरल्या भावाच्या घरी राहणार. त्याच्या घरात बाटली दोन दिवस टिकत नाही. तुम्ही सांभाळाल? तुम्ही पीत नाही, म्हणून विचारतो."

माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "साहेब, निर्धास्त राहा. आमच्या बेंबळीला पेव आहे. जमिनीखाली दोन पुरुष खोल. अंधार म्हणाल तर स्वतःचा हात दिसत नाही."

"पेवात काय असतं?"

"ज्वारी."

"ज्वारीनं गरम होत नाही ना आत?"

"छे, छे!" मी म्हणालो.

आता खरं सांगतो. मी नवव्या वर्षी शिकायला म्हणून बेंबळी सोडली, ती कायमची. पेवात मी जन्मात उतरलो नव्हतो. पण त्या 'छे, छे'मध्ये असा काही आत्मविश्वास होता, की डॉक्टरांनी बाटली माझ्या हातात दिली. ती घेऊन घरी चालत येताना मी रस्त्यात कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही, हात हलेल म्हणून.

एका बाटलीला संग्रह कसं म्हणायचं? निदान अर्धा डझन तरी सोबत हव्यात, म्हणून आठ दिवसांची रजा टाकून सोलापूरला निघालो. सोबत शेजारचे इब्राहिमभाई पिंजारी. त्यांना रजयांसाठी कापड आणायचं होतं, आणि मला कापसात बाटल्या गुंडाळणारा माणूस हवा होता. इब्राहिमभाई पाच वेळचे नमाजी. मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, "कंपाउंडरसाब, म्या कापूस भरतो. आत काय हाय ते तुमचं तुमी बघा आन अल्ला बघंल."

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं लोखंडी भट्टी, तिचा पंखा हातानं फिरवायचा, आणि गॅस धरला की निघायचं. आमची मोटार सकाळी सातला सुटणार होती ती साडेआठला सुटली, आणि पंखा फिरवणाऱ्यांत मी होतो. हा रस्ता करणाऱ्यांनी पांढरं धोतर नेसू नये. तुळजापूरला मोटार थांबते, तिथली भजी गरम असतील तरच घ्यावीत. देवीचं दर्शन घाईत का होईना घेतलं. मनात म्हणालो, आई, कशासाठी चाललोय ते विचारू नको, एवढं सुखरूप ने. घाट उतरून निजामाची हद्द ओलांडली की आपला हाली सिक्का कुणी विचारत नाही, तिथं इंग्रजांचा कलदार रुपया लागतो. तो आधीच सराफाकडून बदलून घ्यावा. मी घेतला नव्हता. मग सोलापुरात सराफ सापडेपर्यंत इब्राहिमभाईंच्या पैशांतून जेवलो: कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर त्यांचं हसणं.

सोलापूरच्या कॅम्पात एक लिलावाचं दुकान होतं. बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या खुर्च्या, पलंग, घड्याळं आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या बाटल्या. मी वही उघडली. वहीत ठेवायचं कसं ते सगळं होतं, निवडायचं कसं यावर एक ओळ नव्हती. विचारायचा धीर होईना, कारण दुकानात शिरतानाच मी जाणकारासारखं "हं" म्हणालो होतो. शेवटी लेबलं बघून घ्यायचं ठरवलं. ज्या लेबलावर किल्ला होता ती घेतली. तो किल्ला आमच्या नळदुर्गापुढं अगदीच बारका होता, पण बुरूज चांगले काढले होते. अशा चार मिळाल्या. दोन बाटल्यांची लेबलं उंदरांनी कुरतडली होती, त्या निम्म्या किमतीत आल्या. ज्यांना स्वस्तात संग्रह करायचा असेल त्यांना ही युक्ती सांगून ठेवतो. आत काय होतं ते मात्र मला आजतागायत ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी परतीला हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मोटार अडली. मुन्शी म्हातारे होते, डोळ्यांवर चष्मा, समोर उर्दूतलं जाड रजिस्टर. कापसात हात घालून त्यांनी एक बाटली काढली, उजेडात धरली.

"क्या है ये?"

"द्राक्षाची आहे," मी म्हणालो.

"अंगूर का? फिर तो सिरका लिख देता हूँ. महसूल भी कम बैठेगा," असं म्हणून त्यांनी पावतीवर लिहायला सुरुवातसुद्धा केली.

इतर कुणीही शहाणा माणूस तिथं गप्प बसला असता. पण मोटारीतले वीस उतारू बघत होते. माझ्या किल्लेवाल्या बाटल्यांना भर रस्त्यात कुणी सिरका म्हणावं? कांद्यावर शिंपडायचं आंबट पाणी? मी छाती काढून म्हणालो, "मुन्शीजी, सिरका नव्हे! अस्सल विलायती वाइन आहे ही!"

मुन्शीजींनी चष्मा काढून माझ्याकडं दयेनं पाहिलं. "भाई, मैं आपका भला कर रहा था."

इब्राहिमभाईंनी मला कोपरानं ढोसलं, पण आता उशीर झाला होता. मुन्शीजींनी 'सिरका'वर एक रेघ मारली, शेजारी 'शराब' लिहिलं आणि विलायती दारूचा महसूल घेतला. तो बाटल्यांच्या किमतीपेक्षा जास्त भरला. पुढं तुळजापूरचा घाट चढताना मोटारीचा दम गेला, सगळे उतरून ढकलायला लागलो. मागून एकजण म्हणाला, "विलायतीवाल्याला फुडं लावा की, लई जोर हाय त्याच्या अंगात!" मी पुढं लागलो.

उस्मानाबादेत एक दिवस टेकलो, डॉक्टरांची बाटली घेतली. तिच्यासाठी इब्राहिमभाईंनी वेगळी रजई शिवली होती, तान्ह्या पोराच्या मापाची. मग बैलगाडीनं आम्ही दोघं बेंबळीला निघालो. कच्चा रस्ता, चाकोऱ्या, सगळा दिवस गेला. सहा बाटल्या कडब्यात ठेवल्या होत्या, सातवी माझ्या मांडीवर. वाटेत भेटणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "किती दिसाचं हाय वो?" इब्राहिमभाई गंभीरपणे सांगायचे, "लई जुनं हाय, बाई."

बेंबळीला माझे थोरले भाऊ, दादा, शेती बघतात. शाळूची रास झालेली, पेव भरायचं काम चाललं होतं. मी अगदी वेळेवर पोचलो होतो. आता इथं मी जी माती खाल्ली, ती नीट लक्ष देऊन वाचा. आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून मी दादांना सांगितलं, "दवाई आहे. परेरा डॉक्टरांची. सांभाळून ठेवायचीय, पेवात."

"डाक्तरची?" दादांनी बाकी काही विचारलंच नाही. वहिनींना विषमज्वर झाला होता तेव्हा परेरा डॉक्टर तीनदा गाडीनं बेंबळीला आले होते, शेवटच्या खेपेला भर पावसात. "त्या देवमाणसाची चीज हाय म्हनल्यावर पेवात काय, देव्हाऱ्यात ठिवू."

पेवाच्या बाजूंना कडबा लावला, निम्मी ज्वारी ओतली, मग दादा स्वतः आत उतरले आणि सातही बाटल्या आडव्या मांडल्या. मी वरून वही उघडून सांगत होतो, "बूच खाली नको, आडवी, आडवी!" वरून उरलेली ज्वारी पडली. तोंडावर फरशी बसवून शेणामातीनं लिंपलं.

"आता दोन साल उघडायचं न्हाय," दादा म्हणाले. "एकदा उघडलं की समदं काढावं लागतं, न्हायतर ज्वारी जाती."

त्या दिवशी वहिनींच्या हातची येसर आमटी आणि भाकरी मी राजासारखा जेवलो. फ्रान्सात असं तळघर कुणाकडं नसेल, असं मनाशी म्हणालो. नसेलच. कोण ठेवील?

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं रंगवून सांगितलं. आठवडाभरानं निघायच्या दिवशी ते भेटले, तेव्हा पुन्हा सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, मुलाच्या आठवणीनं भरून आलं असेल.

दीड वर्ष गेलं. लढाई संपली, तरी म्हापशाहून पत्र यायचं त्यात अँटनचा पत्ता नसायचा. मग एका मार्गशीर्षात चार ओळींचं कार्ड आलं: 'अँटन मुंबईला उतरला. आम्ही दोघं पुढच्या सोमवारी तुमच्याकडं येतो. बाटली तयार ठेवा.' मी दवाखान्यातच टाळी वाजवली. रांगेतल्या माणसाला वाटलं, त्याचं औषध फुकट झालं.

धावत बेंबळी गाठली. पेव दोन वर्षांचं व्हायला अजून काही महिने होते, आणि ते उघडा म्हणायला माझी जीभ रेटेना. दादांनी कार्ड माझ्याकडून वाचून घेतलं आणि कुदळ उचलली. "डाक्तरचा ल्योक जिता आला म्हनतोस, आन म्या ज्वारी बघत बसू व्हय?"

फरशी काढली. मी लगेच वाकून बघायला गेलो, तर दादांनी माझी कॉलर धरून मागं ओढलं. "मरायचंय का? आत दम कोंडलाय!" कंदील दोरीनं खाली सोडला, तो अर्ध्यावरच विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी विझला नाही, तेव्हा माणूस उतरला. पहिल्याच टोपलीतली ज्वारी मी हातात घेतली. ती कोमट होती.

"दादा, ही गरम कशी?"

"म्हंजे? पेवातली ज्वारी उबतीच की. थंडीच्या दिसात वाफ निघती."

मग बाटल्या वर येऊ लागल्या. दोन फुटल्या होत्या, भोवतालची ज्वारी जांभळी पडलेली. बाकीच्या चारांची बुचं निम्मी बाहेर, आतलं निम्मं गळून गेलेलं. माझे सगळे किल्ले पडले होते. सर्वांत शेवटी रजईत गुंडाळलेली सातवी आली. अख्खी! बूच जागच्या जागी! मी तिथंच मातीत बसलो आणि खरंच रडलो.

"ही कसली दवाई, भावजी? लई वास मारती," वहिनी पदर नाकाला लावून म्हणाल्या. मग मी सगळं कबूल केलं. आता दादा भडकणार, म्हणून मान खाली घातली. दादांनी मुठीतली जांभळी ज्वारी खाली टाकली.

"थंडाव्याला ठिवायचं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आडात ठिवायचं की! पान्याच्या वर कोनाडा हाय, तुझी वयनी लोणी तिथंच ठिवती. दारू हाय म्हनून सांगितलं असतंस तर दोन शिव्या दिल्या असत्या, पर जागा तरी बरुबर दावली असती."

वहीत आडाबद्दल एक अक्षर नव्हतं.

सोमवारी डॉक्टर आणि अँटन आले. डॉक्टर वाळले होते. अँटन उंच, काळवंडलेला, कमी बोलणारा. मी रजई उलगडून दोन्ही हातांनी बाटली पुढं केली. एकदम लग्नातल्या मुलीच्या मामासारखा दिसत असेन. डॉक्टरांनी बूच काढलं, क्षणभर थांबले आणि आमच्या घरातल्या चहाच्या तीन काचेच्या पेल्यांत ओतलं. मी माझा पेला मानासाठी हातात धरला आणि खाली ठेवला. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि प्याले. डॉक्टरांचे डोळे पाण्यानं भरले.

"उत्तम," ते म्हणाले. "वा, कंपाउंडर."

अँटनला थोडा ठसका लागला, पण तोही संपूर्ण प्याला. बापलेकांनी बाटली रिकामी केली. मी कृतार्थ झालो. त्यांना रात्रीच्या गाडीसाठी सोलापूर गाठायचं होतं, म्हणून दुपारीच मोटारतळावर गेले.

मंडळी पेले उचलायला आल्या. माझा भरलेला पेला त्यांनी नाकाशी नेला. "अहो, हा सिरका आहे. इब्राहिमभाईंच्या घरी कांद्यावर घालतात तो."

"काहीतरीच!" असं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तो पेला तोंडाला लावला. दात आंबले, कानापर्यंत झिणझिण्या गेल्या. तसाच चपला न घालता धावत सुटलो.

नशीब, मोटार कोळशाची होती. भट्टी अजून पेटत होती. अँटन बाह्या सारून भट्टीचा पंखा फिरवत होता आणि डॉक्टर बाकावर बसून त्याच्याकडं बघत होते.

"साहेब, तो सिरका होता हो!" मी धापा टाकत म्हणालो.

"होता तर. बूच काढल्या काढल्याच कळलं."

"मग प्यालात कशाला?"

त्यांनी पंखा फिरवणाऱ्या मुलाकडं बोट केलं. "तो समोर बसला होता, कंपाउंडर. पेल्यात फिनेल असतं तरी मी प्यालो असतो."

ते पुढं म्हणाले, "तुम्ही बेंबळीहून परत आलात त्याच आठवड्यात तिकडचा एक पेशंट आला होता. त्याला विचारलं, पेव थंड असतं का? तो हसायलाच लागला."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पेव एकदा उघडलं की सगळं धान्य काढावं लागतं, हेही त्यानंच सांगितलं. एका बाटलीपायी तुमच्या दादांचं धान्य बाहेर काढायला लावू?" त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली. "तुमची बिघडली असणार म्हणून ही म्हापशाहून आणली होती, आज उघडायला. पण तुम्ही रजई उलगडलीत तेव्हा तुमचा चेहरा पाहिला, आणि ही बाहेर काढायचा मला धीर झाला नाही."

ती बाटली त्यांनी माझ्या हातात ठेवली. "अँटनचं लग्न ठरलंय. पहिलं मूल झालं की सगळे येऊ. तोवर तुमच्याकडं राहू दे."

"माझ्याकडं? एवढं होऊन?"

"तुमच्याशिवाय कुणाकडं ठेवू? फक्त पेवात नको."

मोटार गेली. मी अनवाणी, बाटली छातीशी धरून, हळूहळू घरी आलो. दारात मंडळी उभ्याच होत्या. बाटलीकडं बघून त्यांनी कपाळावर हात मारला, पण "कशाला" असं या खेपेला विचारलं नाही. इब्राहिमभाईंनी त्याच आठवड्यात नवी रजई भरून दिली आणि कापसाचे पैसे घेतले नाहीत.

नाक्यावरची ती पावती माझ्या वहीत अजून आहे. मुन्शीजींनी खोडलेला शब्द स्वच्छ वाचता येतो. एकूण हिशेबात माझ्याकडं उरलं ते असं: पाच रिकाम्या बाटल्या, दादांच्या दोन शिव्या (त्यांनी नंतर दिल्याच), आणि आमच्या वाड्यामागच्या आडात, पाण्याच्या हातभर वर, कोनाड्यात आडवी ठेवलेली एक बाटली. दर रविवारी मी कंदील सोडून तिची खुशाली बघतो. शेजारीपाजारी जमतात, विचारतात, "काय पडलं वो आडात, कंपाउंडरसाब?"

"पडलं काही नाही, ठेवलंय," मी सांगतो. "डॉक्टरांचा नातू यायचाय."